शेऱ्याचा रकाना

जतच्या पुढं, उमदीच्या रस्त्यावर
रुंदीकरणात जाणारी झाडं मोजत निघालो:
टेप, चुन्याची बादली, कोतवाल बंडगर
आणि सहा रकान्यांचा तक्ता.
लिंब सतरा. बाभळ एकतीस. चिंचा चार.
लिंबाला लिंब म्हणायला कुणाला विचारावं लागत नाही.

मग हे आलं.
वाकडं, काटेरी, शेळ्यांची मान पोचते तिथवर ओरबाडलेलं,
वर जिलेबीच्या वेढ्यांसारख्या शेंगा,
उकललेल्या, पोपटांनी अर्ध्या टाकलेल्या,
आत गर पांढरा, कडेला गुलाबी,
दात फुटायला आलेल्या पोराच्या हिरडीसारखा.

नाव: विलायती चिंच, मी लिहिलं,
आणि पेन थांबलं.
चिंचेशी हिचं नातं चुलत-चुलत,
विलायतेत तर ही पहिल्याच थंडीत मेली असती.
थोरलीला फोन लावला, ती हेच शिकवते कॉलेजात.
"मेक्सिको, बाबा. तिथनं गलबतांतून मनिला,
मनिलाहून इकडं. तास आहे माझा, ठेवू?"

बुडाशी गोणपाटावर निलव्वा हिप्परकर,
शाळेच्या पोरांना दहा रुपयाला कपभर गर मोजणारी,
कपाला कान नाही.
"आमच्यात सीमेहुणसे म्हणत्यात," ती म्हणाली.
"कानडीत सीमे म्हंजे परदेश," बंडगरनं खुलासा केला.
मला मात्र बांधच ऐकू आला,
जिथं एकाची जमीन संपते
आणि दुसऱ्याची भांडणं सुरू होतात.
झाड उभं होतं ते नेमकं तिथंच.

उपयोगाचा रकाना बोटभर रुंद.
जळण, एवढंच मावतं त्यात.
"लिवा की," ती म्हणाली,
"पाला शेळीला. काटा कुंपणाला. फुलं आग्यामाशीला.
साल उकळून पाजायची हगवणीला,
आणि ज्या साली कायबी पिकत न्हाई
त्या साली हीच लगडती, बगा.
घसा धरतो थोडा. पन धरंना का,
कुणीतरी धरलं म्हंजे बरं असतंय."

किंमत: मी चारशे लिहिली, खोडली,
पुन्हा चारशेच लिहिली.

निघताना तिनं मुठीत सात बिया दिल्या.
काळं टरफल नखानं सोलायचं,
आतली तांबूस कातडी कुठंही न दुखवता.
जमलं तर बी खिडकीत ठेवायचं, पाहुणा येतो.
"तुमच्याकडं आला का कधी?"
"आला की," म्हणाली, आणि वर बघितलं.

मासिक बैठकीत, टेबलाखाली, सहा फुकट गेल्या.
महसूल वसुलीची टक्केवारी चालली असताना
सातवी अख्खी निघाली.
आता ती खिडकीत आहे, शिक्क्याच्या पॅडशेजारी.
ठेकेदाराचा माणूस दोनदा येऊन गेला,
झेरॉक्सवाला उधारीला आला,
प्रांतसाहेबांचा फोन: यादी कुठवर आली?

यादी झालीय, साहेब. एक शेरा राहिलाय.

दुपारी ऊन खिडकीत येतं
तेव्हा बी गुळाच्या खड्यासारखी दिसते.
कधीकाळी, समुद्रावर,
कुणा खलाशाच्या खिशात अशीच एक राहिली असेल,
त्याच्याही नखात काळं साचलं असेल,
आणि त्यालाही कुणी विचारत असेल:
झालं का? किती वेळ?