डोल

वादानला वाळू दारातून आत येते, विचारत नाही.
तेकबरबाई रोज सकाळी तिला झाडून बाहेर काढायची
आणि मग आम्हाला आत घ्यायची:
अकरा पोरं, अकरा फळ्या,
कोळसा नि बाभळीचा डिंक खलून केलेली शाई.

त्या दिवशी माझ्या फळीवर सातच ओळी होत्या.
मक्केतल्या, अगदी सुरुवातीच्या, म्हणे;
ते शहर अजून कान द्यायला तयार नव्हतं
तेव्हाच्या.

"कुणासाठी उतरल्या?" मी विचारलं.
ती उंचावरून चहा ओतत होती, फेस धरेपर्यंत.
"जुनी माणसं नावं घेतात. तीन-चार नावं,
एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही.
कुणी म्हणतं, एक शेठ होता, दर आठवड्याला उंट कापायचा.
पोरका मुलगा मांसाचा तुकडा मागायला आला,
त्याला त्यानं काठीनं हाकललं.
असेल. नसेलही.
नाव पक्कं झालं असतं, देद्दाह,
तर बाकीचे आपण सगळे सुटलो असतो."

शेवटच्या शब्दाशी मी अडखळलो. माऊन.
"म्हणजे काय?"
ती गुडघ्यावर हात टेकून उठली
आणि एकेक वस्तू आणून माझ्यापुढे ठेवत गेली:
पातेलं. कुऱ्हाड. सुई.
चिमूटभर मीठ.
चिमट्यात धरून, शेगडीतला एक निखारा.
"शेजारणीला दिल्यानं जे आपलं कमी होत नाही, ते.
आज जातं, उद्या परत येतं,
बुडाला थोडी जास्त काजळी घेऊन.
एवढासा शब्द. अख्खं घर मावतं त्यात."

"पण मधल्या ओळीत तर नमाज पढणाऱ्यांनाच बोल लावलाय."
"पढणाऱ्यांना नाही रे. दाखवणाऱ्यांना.
कपाळ जमिनीवर,
आणि पातेलं पाठीमागे लपवलेलं."

दुपारी ती आडवी झाली. मी उंबऱ्याशी बसून घोकत होतो.
मबारका आली. खालच्या वस्तीतली;
तिच्या आजीला माझ्या आजोबांनी विकत घेतलं होतं,
हे गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही.
"आमचा दोर तुटला. डोल विहिरीत गेली. तुमची देतोस?"

डोल माझ्यामागे खुंटीला होती. ओली.
तिच्यातून पाणी ठिबकत होतं,
दोघांनाही ऐकू येईल इतकं.
मी म्हटलं, "नाही आमच्याकडे."

का, ते आज साठाव्या वर्षीही नीट सांगता येत नाही.
सहावी ओळ संपत आली होती,
सातवी तोंडाशी होती,
मध्ये थांबलो असतो तर लय मोडली असती.
मबारकानं खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"बरं," म्हणाली.

संध्याकाळी सातही ओळी न चुकता म्हणून दाखवल्या.
रीत अशी, की पाठ झालं की फळी धुवायची
आणि ते काळं पाणी प्यायचं,
म्हणजे अक्षरं आत मुरतात.
तेकबरबाई म्हणाली, "धू.
पण आपल्या रांजणातल्या पाण्यानं नको.
जा, मबारकाकडे माग."

म्हणजे ती झोपली नव्हती.

मबारकाच्या घरी माठ तिरका करून ठेवला होता,
तळाचं पाणी एका बाजूला यावं म्हणून.
तिनं वाडगं भरलं. कशाला हवंय, विचारलं नाही.
माझा हात हलला, थोडं सांडलं,
ते वाळूनं लगेच घेतलं.

मी फळी धुतली, ती ओळ सगळ्यात शेवटी.
प्यालो. कोळशाची कडू चव, डिंकाचा चिकटपणा,
दातांत एक खडा.

मग अंधारात डोल घेऊन गेलो, नवा दोर बांधून.
ती दारात आली, हात फडक्याला पुसत.
"आता नको," म्हणाली, "आमची सापडली.
भावानं आकड्यानं काढली."

मी तसाच उभा.
रिकामी डोल एवढी जड असते
हे कुठल्या ओळीत लिहिलेलं नव्हतं.