खडान् खडा

हलव्याच्या रिकाम्या डब्यात मसूर असतात.
हिरवे, सालासकट, काहींच्या अंगावर काळे ठिपके,
काही जुने होऊन तपकिरी पडलेले.
डब्यावरचे गुलाब हात लागून लागून पुसलेत.
आत एक ॲल्युमिनियमची वाटी, मापाची.
घरात आज काही नाही, असं आपण म्हणतो
त्या दिवशीही हे असतात.
म्हणजे असण्यात यांना कुणी धरतच नाही.

मी नेवझात. योझगातच्या नगरपालिकेत
पाण्याचे मीटर वाचण्यात एकतीस वर्षं गेली.
कुठल्या गल्लीतलं पाणी जड, कुठलं हलकं,
अजून तोंडपाठ आहे.
वरच्या आळीत कुणाची डाळ शिजत नाही,
म्हणीत नव्हे, पातेल्यात.
बायका मलाच दटावायच्या,
जणू चुना मीच कालवत होतो.

माझी बहीण दोन्दू आता सत्तरीची.
दोन्दू म्हणजे वळली.
चौथी मुलगी झाली तेव्हा ठेवलेलं नाव,
आता तरी नशीब वळावं म्हणून.
नशिबाला वळायला नऊ वर्षं लागली.
मग मी.
तिला हाक मारायचे तेव्हा लोक
खरं तर मलाच बोलवत होते.

हिवाळ्यात दर दुसऱ्या रात्री मसुराचं सूप,
त्यात हातानं कापलेल्या शेवया,
वर लोण्यात चुरचुरलेला वाळका पुदिना.
निवडणं दोन्दूकडे.
तांब्याच्या परातीत मूठभर पसरून
खिडकीकडे तोंड करून बसायची,
एकेक दाणा बोटानं पुढे ढकलायची,
शाळेच्या रांगेतल्या पोरांसारखा.
खडाही त्याच शेतातला. तसाच हिरवट,
तेवढाच चपटा,
दगडानं मसुराचं सोंग घ्यावं असा.

मी सात वर्षांचा असेन. जेवताना
दाताखाली कचकन आला.
बापाचा चमचा हवेत थांबला.
आई दोन्दूच्या हातांकडे बघत होती.
मागच्या खड्याचे वळ अजून उतरले नव्हते.
मी तो जिभेखाली धरला
आणि वाटी संपवली.
'काय रे?'
'पोळलं.'
रात्री शेगडीच्या राखेत थुंकून टाकला.
कुणाला बोललो नाही. पुढे बायकोलाही नाही.

परवा ती आली, गावाकडचे मसूर फडक्यात बांधून.
म्हटलं, पाकिटातले स्वच्छ येतात, यंत्र निवडतं.
'यंत्राला कुठं जेवायचंय?' म्हणाली
आणि परात मागितली.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
बोटं मात्र जुन्याच वाटेनं चालत होती.
मी कांदा चिरला. मीठ शेवटी,
तिनं तीनदा बजावलं,
आधी घातलंस तर हट्टाला पेटतात.
पातेलं रटरटत होतं, काचेवर वाफ,
बाहेर कुणाच्या तरी गाडीवर बर्फ साचत होता.

तिसऱ्याच चमच्याला, कचकन.

मी मान खाली घातली.
जिभेला जागा आठवत होती.
'पोळलं,' म्हणालो.
कुणी विचारलंही नव्हतं.

तिनं चमचा ठेवला. हात पुढे केला,
तळवा वर,
मी नाक शिंकरायचो तेव्हा धरायची तसा.
'थुंक.'
आणि मग, शेवया गाळून बाजूला करत:
'राख रोज सकाळी मीच काढायचे, नेवझात.'

खडा वाटीच्या कडेशी ठेवला.
उजव्या डोळ्याजवळ नेऊन पाहिला, परत ठेवला.
म्हणाली, पुदिना कमी पडलाय.
मी उठलो, लोणी तापवलं,
बराच वेळ पाठमोरा उभा राहिलो.

आज सकाळच्या बसनं गेली.
डबा गच्च भरून ठेवलाय, वाटी कुठे दिसत नाही.
हे निवडायचे राहिलेत.
परात घेऊन खिडकीशी बसलोय,
बोट अजून अडखळतंय.