उत्तरेची खोली

सव्वीस वर्षं मी कागद तपासला.
केमीच्या गिरणीत, तिसऱ्या यंत्राच्या तोंडाशी,
डोळ्यांत तेल घालून.
डाग, सुरकुती, माशीचा एखादा पाय
दिसला की निळ्या पेन्सिलीची खूण,
आणि तेवढा कागद बाद.

पांढरे किती असतात, मला विचारा.
ताकाचा. भुर्जाच्या सालीचा.
आजारी माणसाच्या नखाचा.
आणि मार्चमधल्या गोठलेल्या समुद्राचा,
ज्याच्याकडे बघून बायका विनाकारण चिडतात.
गिरणीच्या तक्त्यात चाळीस होते, आकड्यांनी.

गिरणी बंद पडली.
आता मी संग्रहालयात खुर्चीवर बसते.
दुसरा मजला, उत्तरेची खोली.
समोर रौताला नावाच्या माणसाचं चित्र,
दारापेक्षा मोठं.
म्हणजे, पांढरं.
खाली पाटी: शीर्षक नाही.

पहिल्याच आठवड्यात, सवयीने, दोष शोधला.
सापडलाही.
उजवीकडे, खांद्याच्या उंचीवर
ब्रशचा एक केस, रंगात रुतून वाळलेला.
हात खिशात गेला पेन्सिलीसाठी.
खिशात बसचा पास होता.

लोक येतात. आधी पाटी वाचतात,
मग चित्र बघतात, मग परत पाटी,
काही वाचायचं राहिलं की काय म्हणून.
एका बाईंनी हळूच विचारलं,
मूळ चित्र दुरुस्तीला नेलंय का?

डिसेंबरात उजेड साडेदहाला येतो,
दीड-पावणेदोनला निघतो,
कोट न काढता बसलेल्या पाहुण्यासारखा.
तेवढ्यात हे तीनदा कूस बदलतं.
आधी निळसर. मग लोकरीसारखं.
मग असं काही
ज्याला त्या चाळिसांत आकडा नव्हता.
आणि अगदी कडेला, खिळ्यांपाशी,
बोटभर पट्टी त्याने तशीच सोडलीय:
तिथे खालचा रंग दिसतो, तांबूस, गंजलेला.
म्हणजे आधी काहीतरी होतं.
घर? बाई? की नुसताच राग?
त्यावर थरावर थर, किती कोण जाणे.
झाकलं म्हणावं, की जपलं?
आईने भावाचं पत्र
तिच्या पांढऱ्या टेबलक्लॉथच्या घडीत ठेवलं होतं.
तेव्हाही मला हे कळलं नव्हतं.

फेब्रुवारीत ओइवा आला, जाळीवाला,
बस चुकली म्हणून. टोपी हातात,
बुटांखाली पाण्याचं थारोळं.
दहा मिनिटं उभा राहिला, बर्फातल्या भोकाशी राहतो तसा.
मग डावीकडे खाली बोट दाखवून म्हणाला,
"इथे मी पाय ठेवणार नाही."
का?
"पातळ आहे. खालून प्रवाह जातोय."
घड्याळ बघितलं आणि गेला.
थारोळं मी पुसलं.

तो कोपरा मी रोज बघत होते.
तिथे काही नव्हतं. आजही नाही.
पण झाडू मारताना
आता मी तिथून जरा वळसा घालून जाते,
आणि कोणाचं लहान पोर तिकडे धावलं
की माझा श्वास अडकतो.

बंद करायच्या वेळी दिवे मी विझवते.
आधी खुर्ची जाते, मग भिंत.
हे रेंगाळतं.
किती वेळ, ते मोजलेलं नाही.
मोजायचं काम मी पुष्कळ केलं.

मग तक्ता भरायचा: चित्र, जागा, बदल.
शेवटच्या रकान्यात सहा वर्षं
एकच लिहीत आलेय: काही नाही.
परवा 'काही' लिहून झालं
आणि पुढे पेन उचलेना.
शाई होती. थंडीही फार नव्हती.

सकाळी मार्केट्टाने वही पुढे केली.
"इर्या, हे अर्धंच राहिलंय."
मी बघितलं.
राहिलंय खरं, म्हटलं,
आणि वर गेले, उजेड यायला
अजून वीसेक मिनिटं होती.