वजाबाकी

रिबेल्ले हे त्याचं पाळण्यातलं नाव.
अर्थ सरळ : बंडखोर.
बाप अराजकवादी, पाद्र्याला उंबऱ्यावरूनच परत धाडणारा.
पण त्या नावाचा माणूस अकरा वर्षांत
बैठकीला एकदाही उशिरा आला नाही.

पो नदीचं धुकं जिन्यापर्यंत चढून यायचं.
खाली सहकारी बार, वर आमची शाखा,
भिंतीवर त्याच्या धाकट्या भावाचा फोटो –
चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात
पॉपलरच्या रांगेशी उभा करून मारलेला.
शाखेला नाव त्याचंच.
रिबेल्ले फोटोकडे पाठ करून बसायचा.
विचारलं तर म्हणायचा, शेगडी या बाजूला आहे.

दर रविवारी सायकलवर पक्षाचे चाळीस अंक, दारोदार.
कुणाकडे सुटे नसले की स्वतःचे घालायचा.
म्हाताऱ्या अर्जेलिदेला तर वाचूनही दाखवायचा,
अग्रलेखासकट.

आणि मी इतिवृत्त लिहिणारी.
शाळेत अक्षर बरं होतं, एवढाच गुन्हा.

नोव्हेंबर छप्पन्न.
रेज्जोहून आलेल्या कॉम्रेडने
ओव्हरकोट न काढताच ठराव वाचला :
बुडापेस्टच्या रस्त्यावर उतरलेले कामगार
हे कामगार नव्हेत,
रणगाडे मात्र मित्रांचे.
कुणी तरी खोकलं.
वेर्तेरने री ओढली, मग त्याच्या मेव्हण्याने.
रिबेल्ले उठला. टोपी हातात.
"लेथवरची माणसं आहेत ती," म्हणाला.
"फोटोत मी त्यांचे हात पाहिले."
एवढंच. बसला.

मतदान.
सगळ्यांनी हात वर केले.
हात वर करणं म्हणजे काय
ते मला त्या रात्री कळलं.
मीही केला, डावा; उजव्यात टाक होता.
रिबेल्लेचे दोन्ही मांडीवर,
टोपी अशी धरलेली
की जणू तिच्यात काही तरी काठोकाठ भरलंय.

"लिहा," पाहुणे म्हणाले, "एकमताने."
मी लिहिलं.
हजर बत्तीस.
बाजूने एकतीस.
ठराव एकमताने मंजूर.
अध्यक्षांनी खाली सही केली.
वजाबाकी कुणी केली नाही.

जिन्यात वेर्तेरने त्याला गाठलं :
"तुझ्या भावाला काय वाटलं असतं रे?"
रिबेल्ले सायकलचा दिवा पुसत राहिला.
मग म्हणाला, "सतरा वर्षांचा होता तो.
त्याला अजून खूप काही
वाटायचं राहिलं होतं."

बारमध्ये पत्त्यांच्या टेबलाशी त्याची खुर्ची होती,
ती कुणी काढली नाही.
फक्त तिच्यावर कोट ठेवू लागले.

जानेवारीत वह्या तपासायला रेज्जोहून माणूस आला.
तरणा, नखं स्वच्छ.
दोन आकड्यांच्या मधोमध त्याने बोट ठेवलं.
"हा बत्तिसावा कोण?"

खिडकीखाली रिबेल्ले
अंकांचा गठ्ठा सायकलला बांधत होता.
हो, अजून वाटायचा.
अर्जेलिदेला आता हवामान आणि मृत्युवार्ता
तेवढ्या वाचून दाखवायचा.

"मी," म्हटलं.
"लिहीत होते ना, हात गुंतलेला."
तोंडातून निघाल्यावर ते मला
तितकंसं खोटं वाटलं नाही.

तो हसला. "मग बत्तीस करून टाका, कॉम्रेड."

मी टाक उचलला.
एकतिसाचे बत्तीस करायला फार लागत नाही,
शेवटच्या एकाला
जराशी मान वाकवायला लावायची.

"शाई गोठलीय," मी म्हणाले.

शेगडी माझ्या पाठीशी धगधगत होती
आणि समोर फोटो.