जस्त जागा सोडतं तेव्हा

ऑगस्टात तुबलीच्या खाडीत उतरायचं ते पहाटे साडेचारला.
पाणी तेव्हाही कढत, बंबातून काढून विसरल्यासारखं.
अब्बास होडीतूनच सांगतो, डावीकडे, दुक्तूरा, अजून डावीकडे.
त्याचा आजा मोत्यांसाठी बुडी मारायचा, नाकाला चिमटा लावून.
हा माझ्यासाठी शिंपले काढतो, दिवसाला बारा दिनार,
आणि माझ्या हातात देण्याआधी प्रत्येकात एकदा बोट फिरवतो.
सवय, म्हणतो. अजून काही लागलेलं नाही.

मला मोती नको.
मला कल्ले हवेत, आणि त्यामागची हिरवट ग्रंथी, बोरीच्या बीएवढी,
जी अर्ध्या मिनिटात द्रव नायट्रोजनमध्ये गेली नाही
तर आतला आरएनए विरायला लागतो.
पेशीनं कामापुरती काढलेली नक्कल ती, कच्च्या कागदावरची.
काम झालं की पेशीच फाडते.
फाडायच्या आत मला वाचायची असते.

वाचायचं एवढंच:
कॅडमियम आत शिरतं तेव्हा त्याला ओळखणारं तिथे कुणी नसतं.
ते येतं, जस्ताच्या जागेवर बसतं.
उठवलेलं जस्त हिंडतं, हातात पिशवी घेतल्यासारखं,
शेवटी एका प्रथिनाच्या बोटांत सापडतं,
आणि ते प्रथिन केंद्रकात जाऊन सात अक्षरांवर हात ठेवतं.
टी जी सी ए सी टी सी.
मग नकला सुटतात. एक, चाळीस, चार हजार.
त्यांबरहुकूम घडतात गंधकाच्या नखांची बुटकी प्रथिनं,
जी कॅडमियमला धरतात. मारत नाहीत,
बाहेरही फारसं टाकत नाहीत. धरून बसतात, बस.

म्हणजे बोंब विषाची नसतेच,
जागा गेलेल्याची असते.
हे मी प्रबंधात लिहिलं होतं. गाईडनं खोडलं,
समासात लाल शाईनं: कविता नको.

आमच्याकडे धातू आडनावाच्याही आधी येतो.
आबा कसब्यात बंब ठोकायचे.
शाळेतून येताना वळणावरच मला ठोक्यांवरून कळे
आज घागर की बंब, पोट की काठ.
कल्हईच्या दिवशी नवसागराचा धूर वरणभातातही.
पीएचडी झाल्यावर एकदा विचारलं, रक्त द्याल का तपासायला?
म्हणाले, तांब्यातलं पाणी चांगलं म्हणतात ना लोक,
मग तांबटाचं रक्त कशाला वाईट निघेल?
सुई तशीच राहिली.

सतरा नमुने. नऊ धक्क्याजवळचे,
जिथे जुन्या होड्यांचा रंग खरवडतात.
आठ उत्तरेचे, निर्मळ पाण्यातले, तुलनेसाठी.
रात्री एकला पडद्यावर रेषा वर उचलल्या,
सतराच्या सतरा, एकोणिसाव्या फेरीला.
निर्मळ आठही बोंबलत होते.
हुदा म्हणाली, पिपेट चुकलं.
पुन्हा केलं. पुन्हा तेच.
धातू मोजला. त्या आठांत नावालाही नाही.

अब्बासला सांगितलं. वाटलं, हसेल.
तो दोर गुंडाळत राहिला.
पाणी छत्तीसला गेलं की, दुक्तूरा, सगळेच ओरडतात.
ज्याला कुणी हात लावलेला नाही तोही.
त्याच्या मागे, रस्त्यापलीकडे,
दुपारच्या सक्तीच्या सुट्टीत सळया बांधणारी माणसं
एका जाहिरातफलकाच्या सावलीत, सावली सरकेल तशी सरकत होती.

ते मला तीन वर्षं वाचायला जमलं नव्हतं.
तापमान मी वहीत लिहीत आले होते, पहिल्या रकान्यात, रोज,
तारीख लिहितात तसं.

आता नोव्हेंबरात पुन्हा उतरायचं.
तोवर सतरा नळ्या उणे ऐंशीत.

रात्री आबांचा फोन. तिकडे उकाडा फार का?
म्हटलं, हो.
त्यांच्या मागे ठोके ऐकू येत होते, हलके, एकासारखे एक, काठाचे.
म्हटलं, आबा, हातोडी पुन्हा धरली की काय? घागर ना?
छे गं, म्हणाले. शेजारी एसी बसवतायत.