चेसिसचा तुकडा

वाडीच्या पुढे, अमरावती रोडला
इश्तियाकभाईच्या आवारात
बाबांची मॅटाडोर उभी केली.
मे महिना. पत्र्याला हात लावला की चटका.

त्याने आधी तेल काढलं,
काळं, दाट, डब्यात मोजून.
"हे जमिनीत मुरलं ना ताई,
तं विहीर दहा साल बोलत नाही."
मग बॅटरी. मग तांब्याच्या तारा,
बोरीच्या काट्यातून ओढणी सोडवावी तशा.

डावं दार हिंगण्याच्या एका टेम्पोला बसलं.
मागची सीट चहाच्या टपरीवर गेली.
तिच्यावर मी अख्खी चौथी झोपून काढली होती,
कळमन्याच्या पहाटे,
संत्र्यांच्या पेट्यांना टेकून.

उरलं ते काट्यावर चढवलं.
नऊशे चाळीस किलो.
बाबा सगळ्यांना दीड टन सांगायचे.

नोटा मोजता मोजता तो म्हणाला,
"भट्टीत जाईल, सळई होईल.
तेवढा डोंगर खणायचा राहिला."
आणि चेसिस नंबरचा कापलेला तुकडा
माझ्या तळहातावर ठेवला.
अजून गरम.

परतताना बसमध्ये
खिडकीच्या गजाला धरून बसले.
कोणाची गाडी होता तो,
कोण जाणे.