किती झाले?

रविवारी माग बंद असतो.
आमच्या वडगावात तेवढीच एक सकाळ अशी
की समोरच्याशी ओरडून बोलावं लागत नाही.
मी पोत्यात सुताचे रिकामे कोन भरतो,
निळे, पिवळे, एक चेपलेला,
पोतं सायकलला अडकवून
येळ्ळूर रस्त्याकडेच्या पडीक रानात जातो.
कोन मांडले की मैदान होतं.
इतकं सोपं असतंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

चेंडू पाच. त्यातला एक दर आठवड्याला बसतो,
त्याला पंप मारायचं काम उजेरचं,
दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नाही.

पहिल्या दिवशी पालक आले, कुंपणाशी उभे राहिले.
टीम कुठली कुठली?
टीम नाही ओ. पाणी प्यायला गेले की बदलतात.
आणि नियम?
प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागल्याशिवाय
कुणी घरी जायचं नाही.
मग जिंकणार कोण?
हे विचारणारे शिवलीलाचे वडील, बँकेत कॅशियर.
मी डोकं खाजवलं. म्हटलं, बघू की.

शिवलीला चेंडू आला की डोळे मिटायची.
दोन रविवार चिंचेखाली नुसती बसली.
तिसऱ्या रविवारी चेंडू आपणच तिच्याकडे गेला,
तिने त्याला थोपटलं,
वासराला थोपटावं तसं.
हँड! हँड! मेल्रॉय नाचायला लागला.
शिट्टी माझ्या तोंडात होती.
तोंडातच ठेवली.

सतरा पोरं, सगळी एकदमच चेंडूमागे,
गुळाच्या खड्याला मुंगळे लागावेत तशी.
मोठे कोच म्हणतात, पसरा, जागा धरा.
मी म्हणत नाही.
त्या घोळक्यातून
कोडोss, दे की, इल्लि, इकडं, अरे इधर
असं एकच लांब वाक्य धुरळ्यासारखं वर येतं,
ते कुठल्या भाषेतलं हे विचारायला
कुणाला दम उरलेला नसतो.
दुर्वा घरीसुद्धा भाकरी मागताना ‘कोडो’ म्हणाली.
आजोबांनी भुवई वर केली,
मोर्च्यात चालत गेलेले आजोबा,
थोडा वेळ गप्प बसले,
मग म्हणाले, पास मिळाला का पण?

भैरू गोल करतो. दोन्हीकडे करतो.
चपलांच्या मधून चेंडू गेला की झालं त्याचं.

मी गोलकीपर होतो.
सत्त्याण्णव साली, कॅम्पातल्या मैदानावर,
शेवटच्या मिनिटाला मी डावीकडे झेपावलो
आणि चेंडू उजवीकडून, अगदी सावकाश,
कुणाच्या घरी पाहुणा यावा तसा आत गेला.
कुणी काही बोललं नाही.
टेम्पोत अकरा जण आणि एक इंजिन,
बोलत होतं ते इंजिनच.
त्यानंतर बूट माळ्यावर.
बायकोचा फोन नंबर मला पाठ नाही,
तो स्कोअर आहे.

म्हणून गेल्या रविवारी
सुप्रीतची चड्डी खड्यांनी खाली ओढली जाताना दिसली
तेव्हा माझा आवाज चढला.
मोजायचं नाही म्हटलंय ना इथं!
त्याने खिसा उलटा केला. अकरा खडे.
ओठ थरथरायला लागले.
मामा, गोल नव्हे ओ.
चेंडू माझ्याकडं आला, ते.
मग हळूच,
गेल्या टायमाला चारच होते.

मी खाली बसलो.
खडे एकेक करून त्याच्या खिशात परत घातले,
आणि घालताना
मोजले.

नऊ वाजता चिरमुरे, फुटाणे, केळ्याचा अर्धा अर्धा तुकडा.
कॅशियर साहेब स्कूटर बंद न करताच,
काय गं, किती झाले?
शिवलीलाने तोंडातले चिरमुरे संपवले, म्हणाली, सतरा.
ते माझ्याकडे बघायला लागले,
मी चेंडूंची जाळी बांधायला लागलो.

कोन गोळा केले तर एक पिवळा कमी.
रिकामाच तो, मालक विचारणार नाही.
तरी शोधला.
चिंचेच्या खालच्या फांदीवर भैरू,
तोंडाला कोन लावून,
मोकळ्या मैदानाला कॉमेंट्री सांगत होता,
अर्धी मराठीत, अर्धी कन्नडात,
खाली कुणीच खेळत नव्हतं
आणि त्याचा आवाज बसत आला होता.